भिंतीवरचे वर्ष : ॲशवेलचे चर्च आणि जिओकॅशिंगचे कोडे

१/ इंग्लंडच्या हार्टफर्डशर परगण्यातील ॲशवेल या गावात सेंट मेरीचे चर्च आहे. त्याच्या मनोऱ्याच्या आत, उत्तरेकडील भिंतीवर, कोणीतरी टोकदार वस्तूने लॅटिन ओळी कोरून ठेवल्या आहेत. त्या ओळींत वर्षे आहेत. पण ती उलगडण्यासाठी वाचणाऱ्याला गुणाकार, बेरीज आणि वजाबाकी करावी लागते. साडेसहाशे वर्षांहून जुने हे कोडे आणि आज मोबाइल हातात धरून खेळला जाणारा एक शोधखेळ यांची गाठ कशी पडते, आणि त्या गाठीतून इतिहास वाचण्याची कोणती शिस्त कळते, याविषयीचा हा थ्रेड.

२/ खेळाचे नाव जिओकॅशिंग. एक जण पाणी न शिरणारी डबी कोठेतरी लपवतो आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. इतर लोक त्या आकड्यांच्या आधाराने ती शोधतात, आतील छोट्या वहीत नाव व तारीख लिहितात आणि डबी होती तशी परत ठेवतात. 'जिओ' म्हणजे पृथ्वी. 'कॅश' या शब्दाचा रोख रकमेशी संबंध नाही. लपवून ठेवलेला साठा या अर्थाने तो फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आला.

३/ या खेळाचा जन्म एका सरकारी निर्णयातून झाला. जीपीएस ही अमेरिकन लष्कराची यंत्रणा. तिचे उपग्रह सामान्य नागरिकांच्या यंत्रांना मुद्दाम थोडा चुकीचा संकेत देत असत; त्यामुळे जागा सुमारे १०० मीटरपर्यंत चुकू शकत होती. अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने मे २००० च्या प्रारंभी ही मुद्दाम केलेली गफलत बंद झाली. नागरिकांच्या हातातील यंत्रे एका रात्रीत कितीतरी अचूक झाली.

४/ ही अचूकता पडताळावी म्हणून ३ मे २००० रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यातील बीव्हरक्रीक या गावाजवळच्या रानात एक काळी बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर प्रसिद्ध केले. आत काही पुस्तके व इतर वस्तू होत्या. नियम एवढाच की, काही घ्यावे, काही ठेवावे. माइक टीग यांना ती प्रथम सापडली. त्याच महिन्यात खेळाला 'जिओकॅशिंग' हे नाव सुचवले गेले आणि सप्टेंबरपर्यंत त्याचे स्वतंत्र संकेतस्थळही सुरू झाले.

५/ उपग्रह नवे असले, तरी लपवण्याची हौस जुनी होती. इंग्लंडच्या डार्टमूर या ओसाड पठारावर १८५४ मध्ये जेम्स पेरट या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल या दुर्गम जागी एक बाटली ठेवली. तेथवर चालत पोहोचणाऱ्याने आपले नावाचे कार्ड तिच्यात टाकायचे. यातून 'लेटरबॉक्सिंग' हा छंद वाढला. जिओकॅशिंग ब्रिटनमध्ये इतक्या लवकर रुजले, त्यामागे ही पार्श्वभूमीही होती.

६/ ब्रिटनमध्ये या खेळाने खेड्यांतील चर्चना फार जवळ केले. 'चर्च मायक्रो' या नावाच्या एकाच मालिकेत हजारो डब्या आहेत. कारण समजण्यासारखे आहे. बहुतेक इंग्रज खेड्यांत चर्च हीच सर्वांत जुनी उभी इमारत असते. राजवाडे धनिकांचे आणि किल्ले सैनिकांचे. चर्चमध्ये मात्र गावाचे जन्म, विवाह, मृत्यू, भांडणे, देणग्या आणि साथी या सगळ्यांच्या खुणा एका कुंपणात साठलेल्या असतात.

७/ तरीही चर्चच्या आवारात डबी लपवणे सहसा टाळले जाते. ती संस्कार केलेली भूमी आहे. तेथे लोकांचे आप्त पुरलेले आहेत. थडग्यामागे हात घालणारा अनोळखी माणूस कोणाला आवडणार? शिवाय जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीविना डबी जमीन खणून पुरणे खेळाच्याच नियमांत बसत नाही. म्हणून एक युक्ती निघाली. चर्चमधून फक्त आकडे घ्यायचे आणि डबी मात्र परवानगी घेऊन जवळच्या गल्लीत किंवा पायवाटेवर ठेवायची.

८/ असे कोडे सहसा पुढीलप्रमाणे असते. डबीच्या अक्षांश-रेखांशातील काही अंक जाहीर केलेले असतात. उरलेल्यांच्या जागी अक्षरे असतात. 'क' म्हणजे अमुक स्मृतिशिळेवरील वर्षाचा शेवटचा अंक, 'ख' म्हणजे पूर्वेच्या खिडकीचे उभे भाग, 'ग' म्हणजे मनोऱ्यातील घंटांची संख्या. शोधक आवारात फिरतो, अंक टिपतो, सूत्रात भरतो आणि आलेल्या जागेकडे निघतो. त्याने कशालाही हात लावायचा नसतो. त्याचे काम वाचण्याचे.

९/ आता या अंकांकडे थोडे थांबून पाहावे. चर्चच्या भिंतीवर एक आडवी रेघ आणि तिच्याकडे रोखलेला तीन फाट्यांचा बाण अनेकदा दिसतो. ती ऑर्डनन्स सर्व्हे या नकाशा खात्याची उंचीची खूण, म्हणजे 'बेंचमार्क'. चर्चची भिंत सहसा हलत नाही, पाडली जात नाही. म्हणून समुद्रसपाटीपासूनची उंची मोजताना तिच्यावर खूण करणे सोयीचे. त्या खुणेचा वाचक भाविक नव्हता. तो पुढच्या वेळी येणारा भूमापक होता.

१०/ दक्षिणेच्या भिंतीवर कधी कधी हाताच्या पंजाएवढे वर्तुळ, मध्ये छिद्र आणि त्यातून निघालेल्या रेघा दिसतात. ती छायाघडी. छिद्रात काडी खोचली की तिची सावली प्रार्थनेची वेळ सांगे. मौज अशी की, अशा काही घड्या आज द्वारमंडपाच्या आत, कायमच्या सावलीत आहेत. ऊन न पोहोचणाऱ्या जागी कोणी छायाघडी कोरत नाही. म्हणजे एक तर मंडप नंतर बांधला गेला किंवा दगड दुसरीकडून आणून बसवला गेला. केवळ रेघा मोजणाऱ्याला हे दिसत नाही.

११/ भूमापकाची खूण भूमापकासाठी, छायाघडी प्रार्थनेची वेळ पाळणाऱ्यांसाठी, थडग्यावरील तारीख घरच्यांसाठी. प्रत्येक अंक कोणीतरी कोणासाठी तरी लिहिलेला असतो. जिओकॅशिंगचा शोधक हा त्या अंकांचा अनपेक्षित वाचक. अनपेक्षित वाचकाची अडचण ही की, त्याला अंक दिसतो, पण लिहिणाऱ्याची मोजण्याची रीत ठाऊक नसते. ही अडचण सर्वांत स्पष्ट दिसते ती ॲशवेलमध्ये.

१२/ ॲशवेलचा मनोरा १७६ फूट, म्हणजे सुमारे ५४ मीटर उंच. हार्टफर्डशरमधील सर्वांत उंच चर्च-मनोऱ्याचा मान त्याचा. चर्चच्या बांधकामात 'क्लंच' नावाचा स्थानिक दगड वापरला आहे. तो खडूच्या जातीचा आणि मऊ. त्यावर चाकूच्या टोकाने सहज रेघ उमटते. बांधकामाच्या दृष्टीने ही उणीव, इतिहासाच्या दृष्टीने मात्र हे भाग्य. चौदाव्या शतकातील माणसांचे मनोगत या दगडाने झेलून ठेवले.

१३/ त्या लॅटिन ओळींतील पहिले वर्ष असे मांडले आहे : रोमन अंक 'एम', मग 'सी' तीनदा, मग 'एक्स' पाचदा. म्हणजे १००० अधिक ३०० अधिक ५०, एकूण १३५०. दुसऱ्या एका नोंदीत पहिल्या साथीचे वर्ष पन्नासातून एक वजा करून सांगितले आहे : १३४९. मध्ययुगातील शिकलेल्या लोकांना वर्ष असे फोडून पद्यात बसवण्याची आवड होती. लिहिणाऱ्याला लॅटिन येत होते, मात्रांची थोडी जाण होती. त्याचे नाव मात्र कोठेही नाही.

१४/ साथ कोणती? १३४८ च्या उन्हाळ्यात प्लेग इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमध्ये उतरला आणि पुढच्या वर्षभरात देशभर पसरला. पुढे त्याला 'काळा मृत्यू' असे नाव पडले. इंग्लंडच्या लोकसंख्येचा तिसरा हिस्सा ते जवळजवळ निम्मे लोक त्यात गेले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. शेते ओस पडली, मजुरीचे दर चढले, अनेक गावांत शेवटचा संस्कार करायला धर्मगुरूही उरला नाही.

१५/ भिंतीवरील ओळींचा आशय असा की, काळ दयनीय, क्रूर आणि हिंसक होता आणि साक्ष द्यायला लोकांतला गाळ तेवढा शिल्लक राहिला. हे शब्द वाचताना थबकायला होते. लिहिणारा स्वतः वाचलेल्यांपैकीच होता. 'जे चांगले होते ते गेले. उरलो ते आम्ही' असा स्वतःवरच उलटणारा सूर त्यात आहे. राजांच्या बखरींत मृतांचे आकडे मिळतात. जगलेल्याची लाज मिळते ती अशा एखाद्या भिंतीवर.

१६/ ओळी तेथे संपत नाहीत. १३६१ मध्ये प्लेग पुन्हा आला. या वेळी मुले इतक्या मोठ्या संख्येने दगावली की, समकालीनांनी तिला मुलांची साथ म्हटले. त्यापाठोपाठ संत मॉरसच्या दिवशी, १५ जानेवारीला, प्रचंड वादळ झाले. नॉरिच कॅथेड्रलचा कळस त्यात कोसळला. उत्तर समुद्राच्या दोन्ही बाजूंना हानी झाली. ॲशवेलच्या भिंतीवर त्या वाऱ्याची नोंद आहे आणि पुढे रोमन अंकांत वर्ष आहे : १३६१.

१७/ येथे कोड्याचा खरा सापळा आहे. आजच्या कोणत्याही इतिहासग्रंथात त्या वादळाची तारीख १५ जानेवारी १३६२ अशी मिळते. भिंत म्हणते १३६१. मग चूक कोणाची? लिहिणारा तर त्या काळी हयात होता. वादळ त्याने अनुभवले असण्याची शक्यता मोठी. ग्रंथही चुकलेले नाहीत. दोघेही एकाच रात्रीविषयी बोलत आहेत आणि दोघांचेही वर्ष बरोबर आहे.

१८/ उत्तर कालगणनेत आहे. बाराव्या शतकापासून इंग्लंडमध्ये नवे वर्ष १ जानेवारीला सुरू होत नसे. ते २५ मार्चला, मेरीला देवदूताने संदेश दिल्याच्या सणाला सुरू होई. त्यामुळे १३६१ चा डिसेंबर संपला की १३६१ चाच जानेवारी येई आणि वर्ष मार्चअखेरीपर्यंत चाले. भिंतीवरील १३६१ चा जानेवारी म्हणजेच आजच्या हिशेबातील १३६२ चा जानेवारी.

१९/ ही रीत १७५२ पर्यंत टिकली. १७५० च्या कायद्याने १ जानेवारी हा इंग्लंडमध्ये वर्षारंभ ठरला. परिणामी १७५१ हे वर्ष २५ मार्चला सुरू होऊन ३१ डिसेंबरला संपले. इंग्लंडच्या दप्तरी हिशेबात १७५१ ला जानेवारी महिनाच नाही. पुढे १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतरचा दिवस थेट १४ सप्टेंबर मोजला गेला. त्याआधीच्या काही थडग्यांवर जानेवारी ते मार्चमधील मृत्यूसाठी दोन वर्षे शेजारी लिहिलेली आढळतात. तो खोडसाळपणा नसून खबरदारी आहे.

२०/ हे सारे खेळात आणून पाहू. समजा, एखाद्या कोड्यात अक्षांश '५२ अंश ०२.कखग मिनिटे' असा दिला आहे आणि 'क' म्हणजे वादळाच्या वर्षाचा शेवटचा अंक. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १,८५० मीटर. 'क' हा मिनिटाचा दहावा भाग. म्हणजे १ ऐवजी २ भरले की जागा सुमारे १८५ मीटर सरकते. एक जण गल्लीतल्या कुंपणाशी पोहोचेल, दुसरा भलत्याच शेतात. कालगणनेतील घोळ असा पायांना जाणवतो.

२१/ मराठी वाचकाला हा घोळ परका वाटू नये. शककाल चैत्र शुद्ध प्रतिपदेला बदलतो. शिवाजी महाराजांची जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, एवढेच पाठ असणारा १६२९ असे उत्तर काढील. परंतु फाल्गुन हा शकवर्षाचा शेवटचा महिना. तोवर इसवी सन बदललेला असतो. म्हणून मिळवायचे ७९, आणि तारीख येते १९ फेब्रुवारी १६३०. शिवनेरीवरचा फाल्गुन आणि ॲशवेलमधील जानेवारी हे दोन्ही वर्षअखेरीचे महिने आहेत.

२२/ वर्ष फोडून सांगण्याची हौसही आपल्याकडे होती. संस्कृत परंपरेतील शब्दांकांत 'चंद्र' म्हणजे १, 'वेद' म्हणजे ४, 'बाण' म्हणजे ५. शिवाय अंक उजवीकडून डावीकडे लावायचे. त्यामुळे 'वेद-बाण' याचे उत्तर ४५ नसून ५४. किल्ल्याच्या किंवा मंदिराच्या शिलालेखासमोर उभ्या असलेल्या नवख्या अभ्यासकाची फसगत ॲशवेलमधील शोधकासारखीच होते. अक्षरे कळतात, रीत कळत नाही.

२३/ आणि चर्चमधील अंक महाराष्ट्रात अगदी मंदिरापर्यंत पोहोचले आहेत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तेथील पोर्तुगीज चर्चमधील घंटा मराठी मुलखात आल्या. वाईजवळील मेणवली येथे कृष्णेच्या घाटावर अशी एक घंटा टांगलेली आहे. तिच्यावर मेरी व बालयेशूची आकृती आणि १७०७ हे वर्ष आहे. मेणवलीचा वाडा नाना फडणवीसांचा, आणि नानांचा जन्म १७४२ चा. घंटेवरचा आकडा घंटेचे वय सांगतो. घाटाचे नाही, मंदिराचेही नाही.

२४/ ॲशवेलच्या भिंतींवर इतर हातांचीही अक्षरे आहेत. एका जागी मोठ्या चर्चचे बारकाईने कोरलेले चित्र आहे. ते १६६६ च्या आगीत जळालेल्या लंडनच्या जुन्या सेंट पॉल कॅथेड्रलचे समजले जाते. दुसऱ्या जागी कोपऱ्यांचे दगड नीट सांधले नाहीत म्हणून थुंकणाऱ्या कोणाचा तरी संताप आहे. मृत्यूची साक्ष आणि कामाची तक्रार एकाच चर्चमध्ये नांदतात. गाव असेच असते.

२५/ अशी अक्षरे वाचायची कशी? हाताने चाचपून नव्हे. मऊ दगडावर प्रत्येक बोट थोडा इतिहास पुसते. खडू घासणे, कागद ठेवून ठसा घेणे हेही घातकच. विजेरी भिंतीला जवळजवळ समांतर धरली की तिरप्या उजेडात रेघांच्या सावल्या उठतात आणि कोरी वाटणारी भिंत बोलू लागते. नॉर्फोक परगण्यात २०१० पासून स्वयंसेवकांनी याच पद्धतीने चर्चमधील मध्ययुगीन रेखाटनांची पाहणी केली. त्यांच्याकडे विजेरी, कॅमेरा आणि सबुरी होती.

२६/ म्हणून जिओकॅशिंगच्या कोड्याकडे दोन्ही बाजूंनी पाहावे लागते. एका बाजूने, ज्या माणसाने उद्ध्वस्त गावाची साक्ष दगडावर ठेवली, तिच्यातून शेवटचा 'एक' तेवढा उचलून सूत्रात भरणे म्हणजे साक्षीदाराला कुलपाचा क्रमांक विचारण्यासारखे आहे. दुसऱ्या बाजूने, त्या एका अंकाच्या ओढीनेच कोणीतरी पावसात सायकल हाणत त्या चर्चपर्यंत येते, दार ढकलते आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत भिंतीसमोर उभे राहते. एरवी ते आले नसते.

२७/ फरक कोडे रचणाऱ्याच्या हाती असतो. 'भिंतीवरील वर्षाचा शेवटचा अंक कोणता?' या प्रश्नाला नुसते डोळे पुरतात. छायाचित्र पाहून घरबसल्याही उत्तर देता येते. 'भिंतीवरील वादळ आजच्या गणनेने कोणत्या वर्षी झाले?' या प्रश्नाला संत मॉरसचा दिवस शोधावा लागतो, २५ मार्चचा वर्षारंभ समजून घ्यावा लागतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर १, दुसऱ्याचे २. इतिहासाचा अभ्यास या १ आणि २ यांच्यामधल्या जागेत असतो.

२८/ ॲशवेलच्या त्या अनामिकाने 'साक्ष' हा शब्द वापरला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. साक्ष ऐकायला कोणीतरी समोर असावे लागते. ओळी कोरताना त्याच्यासमोर अर्धे रिकामे झालेले जग होते. तरीही आपल्यानंतर कोणीतरी येईल, त्याला वाचता येईल आणि तो बेरीज करून पाहील, इतका विश्वास त्याने ठेवला. आज शोधक येतात. डबी सापडली की वहीत सही करतात, तारीख घालतात. ती तारीखही पुढे कोणीतरी वाचणार आहे. तेव्हा वर्ष पूर्ण लिहिलेले बरे.